जुनी वस्तू घेताना झीज कुठे आहे ते बघा
(सदर: वाचकांचे प्रश्न)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं पितळ खाली येतं आणि त्यातलं बरंचसं मोडीत जातं. म्हणून या सुमारास जुन्या वस्तूंविषयीची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेक पत्रं सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली आहेत. ज्यांचे प्रश्न सारखे होते, त्यांच्यापैकी एकाचं पत्र घेतलं आहे.

“ताई, आम्ही जुळे सोलापूरला नवीन फ्लॅट घेतला. हॉलमध्ये जुनं पितळ-तांबं ठेवायचं मनात आहे. पण बाजारात प्रत्येक जण ‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे’ असंच सांगतो. खरं जुनं ओळखायचं कसं? आणि भाव कसा करायचा?”
एक वाचक, जुळे सोलापूर

शंभर वर्षांची गोष्ट कानाआड करा. विकणारा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगून माल दिलेला असतो. तुम्ही वस्तूकडे बघा, आणि तीही उलटी करून. घागर, हंडा, तपेली हाती घेतली की आधी बूड बघायचं. आपल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असायची, त्याआधी सारवलेली जमीन. तिच्यावर वर्षानुवर्षं सरकवलेल्या भांड्याच्या बुडाची कड एकसारखी झिजत नाही. एकीकडे जास्त बसते, एकीकडे कमी, आणि बारीक ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. नवीन भांडं रसायनात बुडवून काळं केलं असेल तर काळेपणा बुडाला, पोटाला, काठाला सगळीकडे सारखाच दिसतो. खऱ्या वापरातल्या भांड्यात हात लागतो तो भाग उजळ आणि खाचखळगे काळे असतात. कळशी तर कमरेवर घ्यायची वस्तू. तिच्या पोटाची एक बाजू हाताला मऊ लागते आणि बऱ्याचदा तिथंच पोचेही असतात. बोटं फिरवून बघा, डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं.

पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबं, कासं यांना ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. काशाची वाटी असेल तर नखानं टिचकी मारा. तिचा नाद लांबतो, पितळेचा लवकर बसतो. मग भांड्याच्या आत डोकावा. यंत्रावर ओढलेल्या भांड्यात एकात एक अशा बारीक गोल रेषा दिसतात. हाती घडवलेल्या तांब्यात ठोक्यांच्या खुणा असतात, आणि मोठ्या भांड्याला दोन भाग जोडल्याचा सांधा सापडतो. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम एकदा नीट पाहून ठेवलंत तर हातोडीचा खरा ठोका आणि साच्यातून काढलेली नक्षी यांत पुन्हा गोंधळ होणार नाही. हातानं मारलेले ठोके ओळीत असले तरी एक ठोका दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो.

आता भाव. ज्या दिवशी जाणार त्या दिवशीचा पितळेचा मोडीचा भाव कुठल्याही भांड्यांच्या दुकानात विचारून घ्या. वस्तू वजन करून घ्या. मोडीच्या किमतीच्या वर तुम्ही जे देता ते तिच्या घडणीचं, आकाराचं, शाबूतपणाचं. एवढा हिशेब डोक्यात असला की समोरचा “अक्का, आजोबाच्या काळातलं हाय बगा, घ्या की वो” म्हणाला तरी तुम्ही डगमगणार नाही. घासाघीस जरूर करा, पण वस्तूला नावं ठेवून करू नका. मंगळवारच्या बाजारात जमिनीवर पोतं अंथरून चार समया आणि दोन अडकित्ते मांडून बसलेल्या माणसाचा दिवसाचा गल्ला तो केवढा! त्याच्याशी नीट बोललात तर पुढच्या खेपेला तो तुमच्यासाठी वस्तू बाजूला ठेवतो. अशा ओळखी हीच या खरेदीतली खरी कमाई आहे, असं माझं मत आहे.

आणि एक जागा सांगते, तिथं फार थोडे जण जातात. पेठेतल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात मोड घेतात. ती मागच्या खोलीत ढीग करून ठेवलेली असते आणि तिथून वितळायला जाते. मालकाला विचारा, “मोड जाण्याआधी एकदा बघू द्याल का?” घंगाळं, परात, लामणदिवा, दुधाचं माप, पानपुडा असं कायकाय त्या ढिगात असतं. सजावटीच्या दुकानात हेच तुम्हाला काचेच्या कपाटात, कितीतरी पट किमतीला दिसेल.

घरी आणल्यावर अ‍ॅसिडनं घासू नका. चिंच आणि थोडं मीठ पुरतं, आणि काही वस्तूंना तेही नको, नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं बरं. खाण्यासाठी वापरणार असाल तर आतून कल्हई करून घ्या. कल्हईवाल्याला कथील शुद्ध वापरायला सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. नवसागराचा धूर अंगावर घेऊ नका, एवढंच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, लोणचं ठेवायचं नाही.

“आमचा माग बंद झाला. नान्ना (वडील) आता थकलेत. शेडमध्ये लाकडी धोटे, कांड्या आणि जेकार्डच्या पुठ्ठ्यांच्या माळा पडून आहेत. मागाचं लोखंड भंगारात गेलं. आता पुण्याचा एक सजावटवाला म्हणतो, बाकीचं सगळं किलोवर द्या. द्यावं का?”
एक वाचक, भवानी पेठ

दादा, किलोवर अजिबात देऊ नका. तुमचं पत्र वाचून मी थोडी अस्वस्थ झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्याकडे आहे ते सोलापूरचं स्वतःचं आहे. पितळेचा हंडा कुठल्याही गावात मिळेल. वापरातला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन, आणि चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे मागवाल्याच्या शेडमध्येच मिळणार. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. जेकार्डच्या मागावर पुठ्ठ्याची एकेक पट्टी म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक फेर. पट्टीवरची भोकं ठरवतात की ताण्याचे, म्हणजे उभे, कुठले धागे वर उचलायचे आणि कुठले खाली राहू द्यायचे. पट्ट्या दोरीनं ओवून माळ करतात, आणि एक पूर्ण माळ म्हणजे एक पूर्ण नक्षी: मोर, वेल, फूल, जे असेल ते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकारनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं आणि त्याचंच नाव आपल्याकडे मागाला चिकटलं. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले, पुठ्ठ्यांचं काम कमी झालं, म्हणून माळा रद्दीत निघाल्या.

सजावटवाला काय करणार? दोरी कापून पट्ट्या सुट्या करणार, एकेक फ्रेममध्ये घालून विकणार. एकदा क्रम मोडला की ती नक्षी कायमची गेली. तेव्हा आधी नान्नांना शेडमध्ये खुर्ची टाकून बसवा आणि एकेक माळ त्यांच्यासमोर धरा. ही कुठली नक्षी, कुणासाठी विणली, किती रंगांत, हे त्यांच्याकडून ऐका आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिल्या पट्टीवर नक्षीचा नंबर लिहिलेला असेल तर त्याचा फोटो काढा. ज्या माळा पूर्ण आहेत त्या न कापता सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकमध्ये नको, लॅमिनेशन तर नकोच. पुठ्ठ्याला कसर लागते, म्हणून अधूनमधून उघडून बघा. ज्या माळा आधीच तुटलेल्या, भिजलेल्या, अर्ध्या आहेत, त्या खुशाल विका, पण नगावर. एकाच नक्षीची चादर आणि तिची माळ दोन्ही तुमच्या घरात असतील तर ती जोडी कधीही फोडू नका. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे पडतात. भिंतीवर टांगायची झाली तर अशी टांगा की एक कोपरा दुमडून मागची बाजूही दिसेल.

धोट्यांविषयी घेणाऱ्यांसाठी लिहिते, कारण आता सजावटीसाठी नवे धोटेही करून विकतात. धोटा हातात आडवा धरा. दोन्ही टोकांना धातूची अणी असते, मधल्या पोकळीत कांडी बसते, बाजूला धागा बाहेर यायचं छोटं भोक असतं. मागावर तो फळीवरून घासत जातो आणि मागची बाजू फणीला, म्हणजे बाणा ठोकून बसवणाऱ्या मागाच्या कंगव्याला, लागून राहते. म्हणून खऱ्या धोट्याची खालची आणि मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत होते, तर वरच्या आणि पुढच्या बाजूला लाकूड त्या मानानं खरखरीत राहतं. अण्या ठोक्यांनी बोथट झालेल्या असतात. भोकाच्या कडेला धाग्यानं पडलेली बारीक खाच दिसली, तर त्या धोट्यातून किती वार सूत गेलं असेल याचा नुसता विचार करा. चारी बाजूंना सारखं व्हार्निश लावून अण्या चकचकीत ठेवलेल्या असतील, तर तो धोटा मागावर कधी चढलाच नाही.

तुम्ही स्वतः विकणार असाल तर प्रत्येक धोट्यासोबत एक चिठ्ठी द्या: कुठल्या पेठेतला माग, त्यावर काय विणलं जायचं. त्या चिठ्ठीची किंमत घेणारा आनंदानं देतो. आणि दोन-चार धोटे घरात राहू द्या. नातवंडांना दाखवायला लागतील.

“बाजारात एक सुंदर तांब्याची कळशी मिळतेय. पण तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव घातलेलं आहे, लग्नात दिलेली दिसते. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात नको. नाव घासून काढता येईल का?”
एक वाचक, बार्शी

काढता येईल, पण काढू नका. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं ते नाव म्हणजे त्या कळशीचा जन्मदाखला आहे. कुणी दिली, कुणाला दिली, कधीकधी गाव आणि शक सुद्धा असतो. शके लिहिलेलं असेल तर आकड्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो. शके १८५२ म्हणजे १९३० च्या आसपास. कालमान सांगणारी इतकी सरळ खूण जुन्या बाजारात दुसरी क्वचितच मिळते. नाव खरंच जुनं आहे का, हेही त्यातच कळतं. राखेनं आणि चिंचेनं वर्षानुवर्षं घासून ठिपक्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात आणि एखादं अक्षर तर पुसट होऊन गेलेलं असतं. कडा बोटाला टोचत असतील तर नाव अलीकडचं.

सासूबाईंचं मन मोडू नका. त्यांना कळशी देवघरात किंवा पाणी भरायला नको असेल, तर ती हॉलच्या कोपऱ्यात राहू द्या, तिच्यात पळसाची नाहीतर बहाव्याची फांदी ठेवा. त्यांना ते नाव वाचून दाखवा. आपल्याकडच्या जुन्या बायकांना अशा नावांमागची घरं माहीत असतात. कदाचित त्याच सांगतील की हे आडनाव अमुक गल्लीतलं.

“एक ओळखीचे गृहस्थ शेताच्या बांधावरचा कोरीव दगड बंगल्याच्या बागेसाठी आणून देतो म्हणतात. त्यावर लढणारी माणसं आहेत. घ्यावा का?”
एक वाचक, मंगळवेढा तालुका

नाही. तो वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेतात, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावासाठी, गुरांसाठी जीव दिलेल्या माणसाचं ते स्मारक आहे आणि त्याची जागा तो बांधच आहे. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. त्याची नोंदणी लागते आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीतून वस्तू निघाली असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या गृहस्थांना दगड हलवू देऊ नका, आणि गावात चारचौघांत सांगून ठेवा, म्हणजे दुसराही कुणी हलवणार नाही. जाता जाता हेही सांगते: हस्तिदंताची डबी, वाघनख, हरणाची शिंगं कुणी “जुनी आहेत, चालतात” म्हणून दिली तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्यानुसार त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

“टोलाचं घड्याळ घ्यायचं आहे. दुकानदार म्हणतो जर्मन आहे आणि चालू आहे. काय तपासू?”
एक वाचक, अक्कलकोट

दुकानात घाई करू नका, निदान एक तास पूर्ण होईपर्यंत थांबा आणि टोल ऐका. काटा जितके वाजले दाखवतो तितकेच टोल पडले पाहिजेत. लंबक सोडल्यावर टिकटिक कान देऊन ऐका. दोन आवाजांमधलं अंतर सारखं हवं. लंगडत चालल्यासारखं वाटलं तर घड्याळ भिंतीवर जरासं तिरकं असू शकतं, तेव्हा पेटी हलकेच डावी-उजवीकडे करून बघा. तरीही लंगडलं तर दुरुस्ती आहे. तबकडीवर चावीची भोकं असतात, त्यांच्या कडेला वर्षानुवर्षं चावी लागून घासलेलं दिसतं. तसं काहीच नसेल तर तबकडी नवी छापलेली आहे. मग मागचं दार उघडायला सांगा. पेटीच्या लाकडात रिकामी, कामाची नसलेली भोकं असतील तर एका घड्याळाच्या पेटीत दुसऱ्याचं यंत्र बसवलं आहे. असं जोडघड्याळही चालतं आणि शोभतं, पण ते मूळ घड्याळाच्या किमतीला घ्यायचं नाही. नाव तबकडीवर एक आणि यंत्राच्या पितळी पाटीवर दुसरं असेल, तरी हाच नियम.

आणि घेण्याआधी गावात चावीचं घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर आहे का ते शोधा. तो नसेल तर घड्याळ लवकरच नुसती पेटी होऊन बसेल.

“जुना सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट मिळतोय. फळीला बारीक भोकं आहेत. मालक म्हणतो जुनी आहेत, काळजी नको.”
एक वाचक, विजापूर रोड

फळीखाली पांढरा कागद अंथरून चार दिवस ठेवायला सांगा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे. भोकांच्या कडा काळपट आणि आत जुनी धूळ असेल तर बहुधा निघून गेलेला आहे. जिवंत असेल तर भोकांत औषध भरून घेतल्याशिवाय घरात आणू नका, तुमच्या दारांच्या चौकटीही लाकडीच आहेत. फळी खालून बघा. वरून पॉलिश केलेलं असतं, पण खालच्या बाजूला रंध्याच्या खुणा आणि लाकडाचा मूळ रंग दिसतो. मधोमध, बसायच्या जागी, फळीला हलका खोलगटपणा असेल तर ती खूप वापरलेली आहे, आणि ते चांगलंच.

पण कड्यांची झीज मात्र वेगळी मानायची. एका कडीत दुसरी अडकते तिथं आतून पितळ खाल्लं जातं. कड्या सुट्या करून प्रत्येकीचा तो भाग बघा. जाडी अर्ध्यावर आली असेल तर ती कडी बदलायचीच, मग तिच्यावरचा मोर किती का सुंदर असेना. काढलेली कडी भिंतीवर लावा. झोपाळ्यावर लहान मुलं उड्या मारणार. छताचा हुक गवंड्याला विचारून सळीत अडकवून घ्या, प्लास्टरमध्ये ठोकलेला चालणार नाही. आपल्या मे महिन्यात झोपाळा गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत ठेवू नका. चाळिशीपार उन्हात सागवानही तडकतं.

“आजोबांचा ‘प्रभाकर’ कंदील सापडला. बेडरूममध्ये त्याचा विजेचा दिवा करायचा आहे.”
एक वाचक, पंढरपूर

जरूर करा. हा ओगलेवाडीचा, कराडजवळच्या ओगले काच कारखान्याचा कंदील. १९१६ मध्ये सुरू झालेला आपल्या मातीतला कारखाना. टाकीला भोक पाडू नका. वायर वात निघते त्या तोंडातून किंवा जाळीतून बाहेर काढता येते, आणि एलईडीचा छोटा दिवा लावला तर काच तापत नाही. टाकीत जुनं रॉकेल राहिलं असेल तर आधी ओतून टाका, आत साबणाचं पाणी फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच इलेक्ट्रिशियनच्या हाती द्या. काच फुटलेली असेल तर नवीन घ्यायला जाताना कंदील सोबत न्या, माप तोंडी सांगून जमत नाही.